पाळणाघर : आईची अडचण की सरकारची जबाबदारी?

बाळंतपणाची रजा सहा महिन्यांनी संपते आणि बालवाडी तिसऱ्या वर्षी सुरू होते. मधली अडीच वर्षे मूल कोणी सांभाळायचे, या साध्या प्रश्नावर कितीतरी स्त्रियांची नोकरी अडते. हा प्रश्न प्रत्येक घराने आपापला सोडवायचा, की रस्ते आणि शाळांप्रमाणे त्याचीही सोय सरकारने करायची?

बंगळूरच्या पूर्वेला, जुन्या मद्रास रस्त्यावर, के. आर. पुरम हे उपनगर आहे. पूर्ण नाव कृष्णराजपुरम. रेल्वे स्थानकाजवळचा तारांनी तोललेला पूल, टिन फॅक्टरीचा गजबजलेला चौक, १९४८ साली सुरू झालेल्या आयटीआय या सरकारी टेलिफोन कारखान्याची दूरवाणीनगर ही वसाहत आणि पलीकडे महादेवपुरा, व्हाइटफील्डच्या संगणक कंपन्या, अशी या भागाची ओळख सांगता येईल.

सकाळी आठ ते दहाच्या वेळात इथल्या स्थानकावर आणि बसथांब्यावर उभे राहिले, की शहराचा कारभार कोणाकोणाच्या पायांवर चालतो ते दिसते. गळ्यात कंपनीचे ओळखपत्र अडकवलेल्या मुली, शिवणकामाच्या कारखान्याकडे निघालेल्या बायका, फ्लॅटमधली धुणीभांडी उरकायला धावणाऱ्या मोलकरणी, रायचूर-कलबुर्गीकडून बांधकामावर आलेल्या मजूर स्त्रिया. नोकरीसाठी महाराष्ट्रातून येऊन इथे बिऱ्हाड केलेली मराठी कुटुंबेही यांत आहेत. प्रत्येकीची भाषा वेगळी आणि कमाई वेगळी. पण जिच्या घरी तीन वर्षांच्या आतले मूल आहे, तिला उंबरठा ओलांडण्याआधी एकच प्रश्न सोडवावा लागतो: मूल कोणाकडे ठेवायचे?

उत्तर ज्याच्या त्याच्या खिशाप्रमाणे निघते. संगणक कंपनीत नोकरी करणारी सून सांगली-कोल्हापूरहून सासूबाईंना बोलावून घेते. त्या तीन महिने राहतात, मग माहेरहून आई येते. दोघींची गुडघेदुखी, रक्तदाब आणि मागे राहिलेल्या घराची काळजी सांभाळत कसेबसे वर्ष निघते. ज्यांना आजीची सोय नाही, त्या खासगी डे-केअरची फी भरतात. मोलकरीण आपले मूल शेजारणीच्या भरवशावर टाकते आणि दुसऱ्याचे मूल खेळवायला जाते. बांधकामावरची बाई विटांच्या ढिगाजवळ साडीची झोळी बांधते आणि सात-आठ वर्षांच्या थोरल्या मुलीला झोका द्यायला बसवते. त्या मुलीची शाळा तिथेच संपते.

आणि जिला यांतले काहीच जमत नाही, ती नोकरी सोडते. घरात कोणी तिला तसे सांगितलेलेही नसते. सगळे मिळून हिशोब करतात, डे-केअरची फी आणि येण्याजाण्याचा खर्च वजा केला तर तुझ्या पगारातून उरते काय, असे विचारतात, आणि तीही मान डोलावते. हा हिशोब नेहमी तिच्याच पगारातून का वजा होतो, हे मात्र कोणी विचारत नाही. मूल दोघांचे असेल, तर फी दोघांच्या पगारातून जायला नको का?

अडीच वर्षांची दरी

के. आर. पुरमच्या लोकांना तुटलेला दुवा म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. २५ मार्च २०२३ रोजी के. आर. पुरम ते व्हाइटफील्ड मेट्रोचे उद्घाटन झाले. गाड्या नव्या, स्थानके चकचकीत. पण शहराकडच्या बाजूला बैयप्पनहळ्ळी ते के. आर. पुरम हा जेमतेम दोन किलोमीटरचा तुकडा राहिला होता. मधल्या काळात प्रवासी एका मेट्रोतून उतरायचे, बसमध्ये चढायचे आणि पुन्हा दुसरी मेट्रो पकडायचे. ९ ऑक्टोबर २०२३ रोजी तो तुकडा जोडला गेला, तेव्हा कुठे आधी घातलेल्या पैशांचे चीज झाले.

नोकरी करणाऱ्या आईच्या मार्गात असाच एक तुकडा जोडायचा राहून गेला आहे. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांची झाली. म्हणजे मूल सहा महिन्यांचे होईपर्यंतची सोय झाली, तीही संघटित क्षेत्रात नोकरी असेल तर. दुसऱ्या टोकाला अंगणवाडी आहे. पण तिथे मुले बसतात ती तिसऱ्या वर्षापासून सहाव्या वर्षापर्यंत. त्याआधीच्या बाळांचे वजन घेतले जाते, लसीकरण पाहिले जाते, घरी न्यायला पोषण आहार मिळतो. दिवसभर सांभाळण्याची व्यवस्था नसते.

सहा महिने ते तीन वर्षे, ही अडीच वर्षे कोणाच्याच खात्यात नाहीत. नेमक्या याच काळात मूल पूर्णपणे परावलंबी असते, आणि आईची नोकरी सुटते तीही याच काळात. कर्नाटक सरकारने ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेत स्त्रियांना सरकारी बसचा प्रवास मोफत केला. अनेकींना त्याचा मोठा आधार झाला. पण बसचे भाडे वाचले तरी कडेवरचे मूल कोठे ठेवायचे?

२०२४ सालच्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीचे आकडे पाहिले, की ही दरी कोण भरून काढते ते कळते. घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे बिनपगारी घरकामात घालवतात, तर घरकामाला हात लावणारे पुरुष ८८ मिनिटे. १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया रोज घरातील मुलांचे किंवा इतरांचे संगोपन करतात; पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के आहे. दुसरीकडे, २०२३-२४ च्या श्रमशक्ती पाहणीनुसार १५ वर्षांवरील पुरुषांपैकी ७८.८ टक्के कामात किंवा कामाच्या शोधात होते, तर स्त्रियांपैकी ४१.७ टक्के. हे दोन्ही आकडे एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते स्त्रियांच्या नोकरीचा आणि कमाईचा दोनशे वर्षांचा इतिहास तपासल्याबद्दल. आज श्रीमंत देशांतही एकाच व्यवसायातील स्त्री-पुरुषांच्या पगारात जे अंतर पडते, त्याचा मोठा भाग पहिल्या मुलाच्या जन्मानंतर सुरू होतो, असे त्यांनी दाखवून दिले. शिक्षण सारखे, हुशारी सारखी, पहिला पगारही बहुधा सारखा. पाळणा हलू लागला की वाटा वेगळ्या होतात.

कायदा आहे, पण कोणासाठी?

आपल्याकडे पाळणाघराचे कायदे नाहीत असे मुळीच नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५० हून जास्त स्त्री कामगार असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ साली ही मर्यादा ३० वर आणली गेली. बांधकाम मजुरांसाठीच्या १९९६ च्या कायद्यातही ५० हून जास्त स्त्रिया असतील तिथे मुलांसाठी खोल्या हव्यात, असे कलम होते. हेतू चांगला होता, पण मोजणी फक्त स्त्रियांची होती. त्यामुळे मर्यादेच्या आत राहायचे असेल तर मालकाला एक सोपी पळवाट होती: स्त्रियाच कमी ठेवायच्या. ज्या कायद्याने स्त्रीला आधार द्यायचा, तोच तिला 'महागडी कामगार' ठरवत होता.

२०१७ च्या दुरुस्तीने यात एक महत्त्वाचा बदल केला. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी, मग त्या ५० जणांत स्त्रिया किती हे पाहायचे नाही. आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याचा हक्कही मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही तरतूद कायम आहे.

आता या नियमाची चाळणी के. आर. पुरमच्या गर्दीला लावून पाहा. मोठ्या संगणक कंपनीतली अभियंता बाई चाळणीत राहते. दहा-वीस माणसांच्या छोट्या कार्यालयातली हिशोबनीस खाली पडते. दुकानातली विक्रेती खाली पडते. चार घरी काम करणारी मोलकरीण तर कोणत्याच आस्थापनेची नव्हे. बांधकामावरची मजूर स्त्री कागदावर एका ठेकेदाराची, प्रत्यक्षात दुसऱ्याच मुकादमाची. तिच्या कामाच्या जागी ५० जण भरतात की नाही, हे मोजायला कोणी येत नाही. ज्यांना गरज सर्वांत जास्त, त्यांच्यापर्यंत कायदा सर्वांत कमी पोहोचतो.

दुसरी अडचण खर्चाची आहे. रजेचा पगारही मालकाने द्यायचा आणि पाळणाघराचा खर्चही मालकानेच उचलायचा, म्हटल्यावर मुलाखतीला आलेल्या नवविवाहितेकडे तो कोणत्या नजरेने पाहील? "घरी कोण कोण असते? लग्न झाले का?" हे प्रश्न मुलांना विचारले जात नाहीत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण करारात म्हणूनच म्हटले आहे, की रजेच्या काळातील पैशांचा भार एकट्या मालकावर टाकू नये; तो सामाजिक विम्यातून किंवा सार्वजनिक निधीतून यावा. पाळणाघरालाही हेच तत्त्व लावायला हवे. खर्च सर्व समाजात वाटला गेला, की स्त्रीला कामावर ठेवणे कोणाला 'तोट्याचे' वाटणार नाही.

अंगणवाडी हा शब्द आपलाच

सरकारने मुले सांभाळायची ही कल्पना काही परदेशातून आलेली नाही. तिची एक मुळी ठाणे जिल्ह्यातल्या, आताच्या पालघर जिल्ह्यातल्या, बोर्डी गावात आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्यांच्या हाताशी अनुताई वाघ होत्या. वस्तीतली गरीब मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसल्यावर ताराबाईंनी मुलांना नावे ठेवली नाहीत; बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. त्या अंगणातल्या वाडीचे नाव पडले अंगणवाडी.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी 'विकासवाडी' उभी केली. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र होती. यामागचे कारण फार व्यवहारी होते. आदिवासी घरांतल्या मुली शाळेत येत नसत, कारण धाकट्या भावंडांना सांभाळायचे काम त्यांच्याकडे असे. धाकट्याला पाळणाघरात जागा मिळाली, तेव्हा थोरलीचे हात मोकळे झाले आणि ती शेजारच्या वर्गात जाऊन बसू शकली. म्हणजे एका पाळणाघराने तिघांचे भले होऊ शकते: बाळाचे, थोरल्या बहिणीचे आणि शेतावर गेलेल्या आईचे. के. आर. पुरमच्या बांधकामावर झोळीला झोका देणाऱ्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर कोसबाडला केव्हाच मिळाले होते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ ठिकाणी सुरू केली. कर्नाटकातले टी. नरसीपूर हे त्यांपैकी एक. या योजनेच्या केंद्रांना नाव मिळाले तेही अंगणवाडीच. आज देशभरात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत, आणि बंगळूरची कन्नड आईही आपल्या मुलाला 'अंगनवाडी'लाच पाठवते. शब्द देशभर पोहोचला. त्यातला पाळणाघराचा अर्धा भाग मात्र वाटेत गळून पडला.

बांधकामावरच्या मुलांचीही आठवण कोणी ठेवली नाही असे नाही. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, दिल्लीत राजघाटाजवळ गांधी दर्शन प्रदर्शनाचे बांधकाम चालू होते. तिथल्या धुळीत खेळणारी मजुरांची मुले पाहून मीरा महादेवन यांनी एका तंबूत पाळणाघर सुरू केले. त्यातून 'मोबाइल क्रेश' ही संस्था उभी राहिली आणि तिचे काम पुढे मुंबई व पुण्यापर्यंत पोहोचले. इमारत पूर्ण झाली, की मजुरांबरोबर पाळणाघरही पुढच्या जागी हलायचे. पण स्वयंसेवी संस्था कितीही तळमळीची असली, तरी ती वाट दाखवू शकते. सगळ्या देशाचा भार तिने उचलावा, ही अपेक्षा चुकीची आहे.

एक पाऊल पुढे, दोन मागे

१ जानेवारी २००६ पासून केंद्र सरकारने राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना राबवली. २०१७ साली तिचे नाव बदलून राष्ट्रीय पाळणाघर योजना झाले आणि खर्चाची वाटणीही बदलली. पूर्वी ९० टक्के वाटा केंद्राचा होता. तो ६० टक्क्यांवर आला, ३० टक्के राज्याने आणि १० टक्के संस्थेने द्यायचे ठरले. पैसे वेळेवर न आल्याने संस्था मागे हटल्या. एकेकाळी वीस हजारांच्या वर असलेली पाळणाघरे २०१९-२० पर्यंत सात हजारांच्याही खाली गेली. म्हणजे ज्या काळात रजा वाढवल्याचा गाजावाजा झाला, त्याच काळात पाळणाघरांना कुलपे लागत होती.

त्यानंतर २०२२ साली 'पाळणा' योजना आली. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचे, सहा महिने ते सहा वर्षांची मुले तिथे रोज साडेसात तास आणि महिन्यातले २६ दिवस सांभाळायची, अशी तिची आखणी आहे. कल्पना उत्तम आहे. ताराबाईंच्या विकासवाडीच्या जवळ जाणारी आहे. पण २०२५-२६ पर्यंतचे उद्दिष्ट होते १७ हजार केंद्रांचे. १४ लाख अंगणवाड्यांशी ताडून पाहिले, तर शंभरामागे जेमतेम एक!

कर्नाटक सरकारने जुलै २०२३ च्या अर्थसंकल्पात 'कूसिन मने', म्हणजे बाळाचे घर, ही योजना जाहीर केली. रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या स्त्रियांच्या मुलांसाठी ४ हजार ग्रामपंचायतींत पाळणाघरे उघडायची, असे ठरले. ग्रामीण स्त्रीसाठी हे फार मोलाचे पाऊल होते. पण के. आर. पुरमला ग्रामपंचायत नाही. तीच मजूर स्त्री गाव सोडून शहरात आली, की गावातले बाळाचे घर तिच्या मागे राहते आणि शहरात तिच्यासाठी दुसरे उघडलेले नसते.

आणि सांभाळणाऱ्या बाईचे काय?

सरकारी पाळणाघर म्हणजे अपुऱ्या पगारावर राबणारी एक बाई आणि तिच्या अंगावर पंचवीस मुले, असे चित्र असेल, तर त्याला समानता म्हणता येणार नाही. एका स्त्रीला नोकरी करता यावी म्हणून दुसऱ्या स्त्रीने स्वस्तात राबावे, यात नवे काय? घरातले फुकटचे काम फक्त एका घरातून दुसरीकडे हलले.

अंगणवाडी सेविकेला आजही पगार मिळत नाही, 'मानधन' मिळते. कागदोपत्री ती सरकारी कर्मचारी नसते. मार्च २०१७ मध्ये कर्नाटकातल्या हजारो सेविका मानधनवाढीसाठी बंगळूरच्या रस्त्यावर दिवसरात्र बसून राहिल्या होत्या. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निर्णय दिला. मुलांना न्हाऊमाखू घालणे, भरवणे, बोलायला शिकवणे हे कौशल्याचे काम आहे. यासाठी प्रशिक्षण हवे, ठरलेले तास हवेत आणि जगण्यापुरते वेतन हवे. बाईच्या हातचे काम म्हणजे तिचा 'स्वभाव', त्याला पैसे कशाला, हा समज सरकारने सोडला तर घरातही तो सुटायला मदत होईल.

आई ती आईच, पण...

"आईची माया पाळणाघरात मिळते का?" हा प्रश्न नेहमी येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अमेरिकेत १९७१ साली संसदेने सर्व मुलांसाठी सरकारी मदतीच्या बालसंगोपनाचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ते नाकारले. कुटुंबाऐवजी सामुदायिक संगोपनाला सरकारी बळ मिळेल, असे त्यांचे म्हणणे होते. पण विधेयक नाकारल्याने स्त्रिया नोकरीवर जायच्या थांबल्या नाहीत. सोय खासगी राहिली आणि महाग झाली, इतकेच.

याउलट कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने १९९७ पासून दिवसाला ५ डॉलर इतक्या फीमध्ये पाळणाघरे सुरू केली. लहान मुलांच्या आयांचे नोकरीतले प्रमाण तिथे ठळकपणे वाढले. मात्र घाईघाईने जागा वाढवल्यामुळे काही ठिकाणी दर्जा घसरला, आणि त्याचा मुलांच्या वागण्यावर वाईट परिणाम दिसल्याचे निष्कर्षही अभ्यासकांनी मांडले. २०२१ साली कॅनडाच्या केंद्र सरकारने दिवसाला सरासरी १० डॉलर फीची पाळणाघरे देशभर उभारण्याचा कार्यक्रम हाती घेतला. यातून धडा असा, की पाळणाघर हवेच. पण मुले कोंबायची जागा म्हणून ते नको.

शिवाय तुलना कशाशी करायची, तेही पाहावे. चांगल्या पाळणाघराची तुलना आईच्या मांडीशी करणे सोपे आहे. पण के. आर. पुरमच्या मजूर स्त्रीपुढे तो पर्यायच नसतो. तिच्यापुढे एकीकडे पाळणाघर आणि दुसरीकडे विटांच्या ढिगाजवळची झोळी असते. मध्यमवर्गातल्या नातवंडांना आजी मिळते हे भाग्यच. पण आजीने किती वर्षे आणि किती नातवंडे सांभाळायची? तिनेही आयुष्यभर कष्ट केलेले असतात. नातवाला खेळवणे हा तिचा आनंद असावा, दहा तासांची ड्यूटी नसावी.

पैसा कुठून आणायचा?

सरकारकडे पैसा नाही, हे उत्तर ऐकून आपण गप्प बसतो. पण सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांपुरता हा प्रश्न केव्हाच मान्य केला आहे. सहाव्या वेतन आयोगानंतर, २००८ पासून, केंद्र सरकारी नोकरीतल्या स्त्रियांना मुले १८ वर्षांची होईपर्यंत एकूण ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळू लागली. पुढे एकट्याने मूल वाढवणाऱ्या पित्यांनाही ती लागू झाली. मूल वाढवायला वेळ आणि पैसा लागतो, हे सरकारला ठाऊक आहे. ते ज्ञान कार्यालयाच्या भिंतीबाहेर यायला हवे, इतकेच.

बांधकाम मजुरांसाठी तर पैसा वेगळा काढलेलाच असतो. १९९६ च्या कायद्यापासून इमारतीच्या खर्चावर एक टक्का उपकर घेऊन तो कल्याण मंडळाकडे जमा केला जातो. हा पैसा मजुरांवर खर्च न होता पडून राहिल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यांवर कडक ताशेरे ओढले होते. ज्या उपनगरात जिकडेतिकडे इमारती उभ्या राहत आहेत, तिथल्या मजुरांच्या मुलांसाठी पैसा नाही, हे कसे मान्य करायचे?

आणि मेट्रोचा तुकडा जोडताना कोणी विचारले नाही, की याचे तिकीट परवडत नसेल तर प्रवाशांनी घरी बसावे. लोक कामावर पोहोचले तर शहर कमावते, म्हणून सरकारने पैसा घातला. आईला कामावर पोहोचवणारे पाळणाघरही तसेच आहे. ती कमावते, खर्च करते, कर भरते. पाळणाघरात दोन-तीन स्त्रियांना नोकरी मिळते. आणि मुलाचे वजन व लसी वेळच्या वेळी पाहिल्या जातात.

काय करता येईल?

सप्टेंबर २०२५ मध्ये बंगळूरची महापालिका पाच भागांत विभागली गेली आणि के. आर. पुरम व महादेवपुरा हे भाग पूर्व महापालिकेत आले. नव्या महापालिकेने उद्यानासाठी आणि दिव्यांसाठी जशी तरतूद करायची, तशीच प्रत्येक प्रभागात पाळणाघरासाठी करावी, अशी मागणी रहिवाशांनी आताच करायला हवी. सामाजिक सुरक्षा संहितेनुसार आस्थापनांना सरकारी किंवा महापालिकेचे सामायिक पाळणाघर वापरण्याची मुभा आहे. स्थानकाजवळ असे एक पाळणाघर उघडले, तर संगणक कंपनी, दुकानदार आणि ठेकेदार सगळेच त्यात वाटा उचलू शकतात. आणि जिचा कोणीच मालक नाही, त्या मोलकरणीच्या मुलाची जागा महापालिकेच्या पैशातून राखता येते.

हे फक्त बंगळूरला लागू आहे असे नाही. पुण्याच्या हिंजवडीत, ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर, नाशिकच्या सातपूरमध्ये चित्र फारसे वेगळे नसेल. पुढील गोष्टी कोणत्याही शहरातल्या वाचकांना करता येतील:

- आपल्या कार्यालयात ५० किंवा अधिक माणसे असतील, तर पाळणाघराची सोय कोठे आहे, असे लेखी विचारा. हा प्रश्न आयांनीच नव्हे, बापांनीही विचारावा. नियम सर्व कर्मचाऱ्यांच्या संख्येवर आहे.

- जवळच्या अंगणवाडीत जाऊन ती किती तास चालते, तिथे तीन वर्षांच्या आतल्या मुलांना ठेवता येते का, 'पाळणा' योजनेसाठी तिचे नाव पुढे गेले आहे का, याची चौकशी करा.

- सोसायटीत बांधकाम चालू असेल, तर ठेका देतानाच मजुरांच्या मुलांसाठी सावलीची, सुरक्षित खोली आणि सांभाळायला एक बाई ही अट घाला.

- घरी काम करणाऱ्या बाईला तिचे मूल कोठे असते, हे एकदा विचारा. सोसायटीची एखादी रिकामी खोली चार-पाच मुलांसाठी उघडता येते.

- मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला रस्त्याबरोबर पाळणाघराबद्दलही विचारा. जे विचारले जात नाही, ते अर्थसंकल्पात येत नाही.

घरातही एक हिशोब बदलायला हवा. पाळणाघराची फी किंवा सुट्टी टाकण्याची वेळ आली, की ती आपोआप आईच्या नावावर पडू नये. मूल आजारी असेल तर एक दिवस तिने रजा घ्यावी, एक दिवस त्याने. सरकारने पाळणाघर उघडले आणि घरात डबा भरण्यापासून मुलाला पोहोचवण्यापर्यंतचे सारे काम आईकडेच राहिले, तर ती दोन नोकऱ्या करत राहील.

मुलगी शिकली पाहिजे, हे आपल्या समाजाने मोठ्या झगड्यानंतर मान्य केले. शिकलेल्या मुलीने नोकरी करावी, हेही आता बहुतेक घरांत मान्य आहे. मग तिला मूल झाल्यावर ते शिक्षण आणि ती नोकरी अडीच वर्षांच्या दरीत का पडू द्यायची? आणि जिला नोकरी सोडणे परवडतच नाही, त्या मजूर स्त्रीच्या थोरल्या मुलीने शाळा का सोडायची? मूल जन्माला येते एका घरात, पण मोठे झाल्यावर ते सगळ्या समाजाच्या उपयोगी पडते. त्याला सांभाळण्याचा खर्चही सगळ्या समाजाने वाटून घ्यायला हवा, आणि तो पहिला हप्ता सरकारने भरायला हवा.